ज्युडी डेंचचं उदाहरण आपल्याला कुठवर पुरतं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने मी तुझ्या आईच्या बरोबरीची असेन, म्हणून सरळ तू म्हणते. तू लिहितेस ते थोडक्यात असं: वय 26, सांगलीत सहा वर्षं हौशी आणि प्रायोगिक नाटक, राज्य नाट्यची दोन बक्षिसं, आणि आता मुंबईहून एका मालिकेसाठी विचारणा आलीय. घरचे म्हणतात, घे. ग्रुपमधले म्हणतात, मालिकेत गेलीस की नाटकाला मुकलीस. मध्ये एका ऑडिशनला कुणी तरी ऐकवलं की तुझा चेहरा कॅमेऱ्याचा नाही. आणि शेवटी ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंचचं नाव घेऊन तू विचारतेस, 'ज्युडी डेंचने चाळीस वर्षं फक्त नाटक केलं आणि साठीनंतर सिनेमाकडे वळली. मग तोच क्रम बरोबर ना? मी आत्ता नाही म्हणावं का?'

मी तीसेक वर्षं पुण्यात वाचिक अभिनय शिकवते. त्याआधी व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर होते, तीन मालिकाही केल्या. त्यातल्या पहिलीत तोंडघशी पडले, ते पुढे सांगते. आधी तुझा तो क्रम तपासू, कारण तुझा सगळा निर्णय त्यावर उभा आहे आणि तो क्रमच चुकीचा आहे.

डेंचबाई साठीला आल्यावर पडद्यावर गेल्या, ही समजूत 1995 मुळे झाली. त्या वर्षी बॉण्डपटात त्या 'एम', म्हणजे बॉण्डची वरिष्ठ, झाल्या, ती भूमिका करणारी पहिली बाई, आणि जगाला त्यांचा चेहरा कळला. पण त्यांचा पहिला सिनेमा 1964 चा आहे. 'फोर इन द मॉर्निंग' या 1965 च्या चित्रपटासाठी ब्रिटिश अकादमीने त्यांना होतकरू नवोदित म्हणून पुरस्कार दिला. टेलिव्हिजन तर त्याही आधीचं. 1960 मध्ये बीबीसीने शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं मालिका करून दाखवली, त्यात त्या फ्रान्सची राजकन्या होत्या. 1966 च्या 'टॉकिंग टू अ स्ट्रेंजर'मध्ये एकाच कुटुंबाची गोष्ट चार भागांत चार जणांच्या बाजूने सांगितली आहे, त्यातली मुलगी त्यांनी केली आणि त्यासाठीही बक्षीस मिळवलं. पुढे 1981 ते 84 एक विनोदी मालिका, 1992 ते 2005 दुसरी. म्हणजे कॅमेरा पहिल्यापासून सोबत होता. उशिरा आली ती जगभरची प्रसिद्धी. आपण प्रसिद्धीची तारीख हीच कामाची तारीख धरतो आणि मग असे क्रम लावत बसतो.

आता तुझी खरी अडचण. मला वाटतं तुझ्या प्रश्नात दोन भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, कॅमेऱ्यापुढे काम करून माझा अभिनय बिघडेल. दोन, मी मुंबईत अडकले की नाटकातली माझी जागा जाईल. पहिलीचं उत्तर कौशल्यात आहे, ते बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे. दुसरीचं उत्तर करारात आणि तारखांमध्ये आहे, आणि तिथे डेंचबाई तुला काही मदत करू शकत नाहीत. का, ते आधी सांगते, म्हणजे त्यांचं उदाहरण कुठे थांबतं ते कळेल.

त्या 1934 मध्ये यॉर्कमध्ये जन्मल्या. वडील डॉक्टर, आणि यॉर्कच्या थिएटर रॉयलमधल्या नटमंडळींचे डॉक्टर तेच. आई त्याच थिएटरच्या कपडेपटात काम करायची. मोठा भाऊ जेफरी नट झाला. 1951 मध्ये यॉर्कची जुनी धार्मिक नाटकं अनेक शतकांनी पुन्हा सुरू झाली, त्यात ही मुलगी देवदूत होऊन उभी राहिली. गंमत म्हणजे तिला व्हायचं होतं नेपथ्यकार. त्यासाठी चित्रकलेच्या शाळेतही गेली. मग शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, मायकेल रेडग्रेव्हचा 'किंग लिअर' पाहिला आणि त्याचं नेपथ्य पाहून लक्षात आलं की इतका साधा, सगळं नाटक पोटात घेणारा विचार आपल्याला सुचायचा नाही. तिथून लंडनच्या सेंट्रल स्कूल या नाट्यशाळेत. वर्गात पुढे नावाजलेली नटी व्हनेसा रेडग्रेव्ह. आणि 1957 मध्ये शिक्षण संपलं तशी थेट ओल्ड व्हिकमध्ये, जॉन नेव्हिलच्या हॅम्लेटसमोर ओफिलिया.

ओल्ड व्हिक म्हणजे पगारी कंपनी. आठवड्याचा पगार, सीझनला ठरलेली नाटकं, आज नायिका तर उद्या चार ओळींची दासी. ती सुटली की 1961 मध्ये नुकतीच उभी राहिलेली रॉयल शेक्सपिअर कंपनी. मध्ये नॉटिंगहॅम आणि ऑक्सफर्डची प्लेहाउसं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या संस्थांमुळे तिथल्या नटाला भाड्याची चिंता न करता वर्षंच्या वर्षं नाटक करता आलं. डेंचबाई आणि त्यांचे पती मायकेल विल्यम्स शेक्सपिअरला गमतीने 'आपलं घरभाडं भरणारा माणूस' म्हणायचे. तुझं घरभाडं असं कोण भरणार आहे? सांगलीत तू पदरचे पैसे घालून नाटक करतेस. व्यावसायिक नाटकात गेलीस तर प्रयोगाला नाइट, म्हणजे त्या प्रयोगापुरते पैसे, मिळेल, आणि प्रयोग नाही त्या महिन्यात काहीच नाही. म्हणून 'डेंच पडद्याच्या मागे धावली नाही, तूही धावू नको' असं जो कुणी तुला सांगेल, त्याला विचार की माझ्या वाटचं ओल्ड व्हिक कुठे आहे.

इथवर परिस्थिती. आता जे परिस्थितीवर अवलंबून नाही, आणि जे शिकण्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम त्यांचं काम दाखवते, त्याकडे येते.

ओफिलिया पडली. समीक्षकांनी झोडपलं. इतक्या मोठ्या कंपनीने इतकी मोठी भूमिका नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलीला दिलीच कशी, असा एकंदर सूर होता. कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली तेव्हा ओफिलिया दुसऱ्या नटीकडे गेली. आपल्या भाषेत, रिप्लेसमेंट. डेंचबाईंना मिळाल्या 'ट्वेल्थ नाइट'मधली मरिया आणि 'हेन्री द फिफ्थ'मधली राजकन्या. तेविशीच्या मुलीने रोज विंगेत उभं राहून आपली भूमिका दुसरीने करताना ऐकायची, हे सोपं नाही. मी दोनदा रिप्लेस झाले आहे, त्यातल्या एका दौऱ्यावर तर त्याच बसमध्ये बसून फिरले, म्हणून सांगते. ती टिकली. चार सीझन तिथेच राहिली, आणि 1960 मध्ये इटालियन दिग्दर्शक झेफिरेलीच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएट झाली. त्या प्रयोगाचा एक किस्सा त्या स्वतः सांगतात. ज्युलिएट दाईला विचारते, माझे आई-वडील कुठे आहेत? आणि प्रेक्षागृहातून त्यांच्या वडिलांनी उत्तर दिलं, आम्ही इथे आहोत बाळ, एच रांगेत. खरं-खोटं देव जाणे, पण नाटकवाल्या घरातला किस्सा असाच असायला हवा.

आता तुझ्या मूळ भीतीकडे, म्हणजे अभिनय बिघडण्याकडे. यासाठी मी 1976 कडे बोट दाखवते.

त्या वर्षी ट्रेव्हर नन यांनी 'मॅक्बेथ' बसवलं. इअन मॅकेलन मॅक्बेथ, डेंच लेडी मॅक्बेथ. जागा होती स्ट्रॅटफर्डचं 'द अदर प्लेस', एक पत्र्याची शेड. जमिनीवर एक वर्तुळ आखलेलं. नट त्या वर्तुळाभोवती लाकडी खोक्यांवर बसून राहायचे, आपली वेळ आली की उठून आत जायचे. मध्यंतर नाही. प्रेक्षक हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. खरं तर नन यांनी दोनच वर्षांपूर्वी हेच नाटक मोठ्या रंगमंचावर, सगळ्या थाटामाटात केलं होतं. शेडमध्ये तो थाट काढून टाकल्यावर राहिले ते फक्त चेहरे, श्वास आणि शब्द. पुढे हाच प्रयोग टेलिव्हिजनसाठी चित्रित झाला, आणि तो कॅमेऱ्यावर इतका सहज बसला याचं कारण उघड आहे. तो मुळातच क्लोज-अपच्या अंतरावर बसवलेला होता.

त्यातला झोपेत चालण्याचा प्रवेश बघ. शेक्सपिअरने लिहिलंय फक्त 'ओ, ओ, ओ', आणि त्यावर वैद्य म्हणतो की केवढा हा उसासा. कागदावर तीन अक्षरं. डेंचबाई त्याचा एक लांबच लांब आवाज करतात. तो कण्हण्यापासून सुरू होतो, वर चढत जातो, आणि श्वास संपला तरी संपत नाही. आवाजाचं शास्त्र म्हणून सांगते, घशावर ताण देऊन असा आवाज निघत नाही. तो पोटातून, सैल जबड्याने, तब्येतीत सोडलेला आहे. म्हणजे मोठं प्रेक्षागृह भरून टाकणारं तंत्र आणि हाताच्या अंतरावरचं सत्य, दोन्ही एकाच उसाशात.

त्याच वर्षी, त्याच गावात, मोठ्या थिएटरात त्या 'मच अडू अबाउट नथिंग'मधली बिअॅट्रिस करत होत्या. जॉन बार्टननी ते ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात घडवलं होतं, छावणी, गणवेश वगैरे. एका संध्याकाळी पत्र्याची शेड, दुसऱ्या संध्याकाळी हजारावर माणसं. आणि 1987 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरच्या ऑलिव्हिए रंगमंचावर, अँथनी हॉपकिन्ससमोर, वयाच्या 52 व्या वर्षी क्लिओपात्रा. ती भूमिका आपल्याला शोभेल का, याबद्दल त्या स्वतःच्या बुटकेपणावर आणि वयावर भरपूर विनोद करायच्या. केली मात्र अशी की त्या वर्षीचं ऑलिव्हिए हे नाटकाचं पारितोषिक त्यांना मिळालं.

हे मी का सांगते? कारण आपल्याकडे 'नाटकाचा अभिनय मोठा, कॅमेऱ्याचा लहान' असं शिकवतात, आणि त्यानेच मुलं बिघडतात. मीही बिघडले होते. पहिल्या मालिकेच्या पहिल्या दिवशी मी जन्मभर शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज लावला. कॅमेरामन शांतपणे म्हणाला, 'ताई, समोरच्या माणसाशी बोला, पार्किंगशी नको.' मग मी घाबरून सगळंच लहान केलं, आवाज लहान, डोळे लहान, विचारही लहान. दिग्दर्शकाने दोन आठवड्यांनी सांगितलं की तुमच्या चेहऱ्यावर काही घडतच नाही. दोन्ही वेळा चूक एकच होती. मी 'किती' मोजत होते. 'कुणाला' सांगतेय ते विसरले होते.

आता मी वर्गात असं करून घेते. कुठलंही एक स्वगत घे, पाठ असलेलं. आधी ते एका माणसाला सांग, गुडघ्याला गुडघा लावून. मग तोच माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग तो मैदानाच्या पलीकडे. प्रत्येक वेळी त्याने काहीतरी करावं असं तुला वाटायला हवं: थांबावं, ऐकावं, माफ करावं, काहीही. अंतर बदललं की आवाज, हात, मान आपोआप बदलतात. गरज तेवढीच राहिली पाहिजे. मैदानावर गरज वाढली असं वाटलं तर तू ओरडते आहेस. जवळ आल्यावर गरज कमी झाली तर तू पुटपुटते आहेस. कॅमेरा म्हणजे गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस, इतकंच. ज्या मुलींना नाटकात हे कळलंय त्यांना सेटवर चार दिवस अवघड जातं, पाचव्या दिवशी जमतं. ज्यांचं नाटकच नुसती संवादफेक होतं, त्यांचं मालिकेत बिघडत नाही, आधीचंच उघडं पडतं.

विनोदी मालिकांबद्दलही एक. आपल्या नाटकवाल्या मंडळींना त्या हलक्या वाटतात. 'अॅज टाइम गोज बाय' ही जेफ्री पामर यांच्यासोबतची मालिका स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित व्हायची. म्हणजे समोर हसणारी माणसं आणि मधोमध कॅमेरे. हशा संपेपर्यंत थांबायचं, पण थांबलोय हे कॅमेऱ्याला दिसू द्यायचं नाही. यापेक्षा कठीण कसरत मला तरी माहीत नाही. त्याआधीच्या 'अ फाइन रोमान्स'मध्ये नायक म्हणजे त्यांचा खराखुरा नवरा होता. आणि हो, संसाराचं तू विचारलं नाहीस तरी सांगते, स्ट्रॅटफर्डजवळच्या चार्लकोटच्या घरात त्यांनी नवऱ्याचे आई-वडील आणि स्वतःची आई यांना सोबत ठेवलं होतं. इंग्लंडात एकत्र कुटुंब! लहान मूल घरात असताना रोज संध्याकाळी प्रयोगाला जाता येतं ते कुणाच्या जिवावर, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आता चेहरा. तरुणपणी एका सिनेमावाल्याने डेंचबाईंना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या चेहऱ्यात सगळंच चुकलेलं आहे, सिनेमा तुमच्या नशिबी नाही. ही गोष्ट त्या मुलाखतींत हसत सांगतात. मी त्या माणसाची बाजू घेणार नाही, पण एक ध्यानात घे: ऑडिशन घेणारा त्या क्षणी एका विशिष्ट भूमिकेसाठी चेहरा शोधत असतो, आणि नकार देताना त्याचा सिद्धान्त करतो. त्याच चेहऱ्याला पुढे ऑस्करची आठ नामांकनं मिळाली. पहिलं 'मिसेस ब्राउन'साठी, वयाच्या त्रेसष्टीत. तो सिनेमाही मुळात टेलिव्हिजनसाठी केलेला होता, नंतर चित्रपटगृहात गेला. पुढच्याच वर्षी 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये एलिझाबेथ राणी म्हणून जेमतेम आठ मिनिटं पडद्यावर येऊन त्यांनी ऑस्कर नेलं. आठ मिनिटं पुरली, कारण चाळीस वर्षं राण्या आणि दासी दोन्ही केल्यावर बाई नुसती येऊन उभी राहिली तरी खोलीतली माणसं सरळ होतात. हे मिनिटांत शिकवता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कामाची यादी वाचताना मला दरवेळी जाणवते. नावं तीच तीच येतात. दिग्दर्शक पीटर हॉलनी 1962 मध्ये त्यांना शेक्सपिअरची परीराणी टिटानिया दिली, 1982 मध्ये लेडी ब्रॅक्नेल, 87 मध्ये क्लिओपात्रा, आणि 2010 मध्ये, त्या पंचाहत्तरीच्या असताना, पुन्हा टिटानिया. जॉन मॅडनने 'मिसेस ब्राउन' केला, 'शेक्सपिअर इन लव्ह' केला, आणि राजस्थानात येऊन 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड होटेल'ही केला. म्हणून तुला म्हणते, मुंबईला गेलीस तरी सांगलीच्या ग्रुपशी भांडून जाऊ नकोस. पन्नाशीत तुला भूमिका देणारा दिग्दर्शक आज बहुधा तुमच्या तालमीत लाइट लावतोय.

चाळिशीनंतर काय, असंही एका ओळीत विचारलं आहेस. 'द विंटर्स टेल'मध्ये 1969 साली त्यांनी आई हर्मायनी आणि मुलगी पर्डिटा या दोन्ही भूमिका एकाच प्रयोगात केल्या. 2015 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्याच नाटकात पॉलिना केली. तोवर डोळ्यांतला पडदा झिजत चालल्याने वाचणं अवघड झालं होतं. संहिता दुसऱ्याने वाचून दाखवायची आणि त्यांनी ऐकून पाठ करायची. आपल्या जुन्या संगीत नाटकातल्या नटांना हे ऐकून नवल वाटलं नसतं, गुरूच्या तोंडून ऐकूनच पदं आणि भाषणं घोटवून घेण्याची आपलीच रीत. भूमिका कमी होतात हे मात्र खरं, तिकडेही आणि इकडेही. त्यांचं टिकलं ते त्यांना दासी, सासू, भांडकुदळ शेजारीण करायची कधी लाज वाटली नाही म्हणूनही.

तर मालिकेला नाही म्हणू नकोस. पण सही करण्याआधी एवढं बघ. महिन्याला किती दिवसांचा करार आहे, 20 का 25. शिफ्ट किती तासांची. महिन्यातून चार तारखा नाटकाच्या प्रयोगांसाठी मोकळ्या मिळतील का, आणि हे तोंडी नको, करारात हवं. 'एपिसोडची बँक', म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, 'तयार झाली की सोडू' हे वाक्य सगळे म्हणतात, ती बँक क्वचितच भरते. पैसे सहसा तीनेक महिन्यांनी हातात येतात, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांच्या मुंबईतल्या खर्चाची सोय आधी कर. चार तारखा देत नसतील तर दोन माग. दोनही देत नसतील आणि पैशाची निकड नसेल, तर पुढच्या विचारणेची वाट बघ. निकड असेल तर घे, आणि एका वर्षाने पुन्हा विचार कर, त्यात कमीपणा नाही.

जाण्याआधी एक गृहपाठ. 'मॅक्बेथ'चं ते टेलिव्हिजन चित्रण मिळव. झोपेतल्या चालण्याचा प्रवेश एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून ऐक. मग तुझ्या राज्य नाट्यमधल्या प्रयोगाचं मोबाइलवर केलेलं चित्रण असेल, ते तसंच दोनदा बघ. आवाज बंद केल्यावर तुझ्या बाईला कुणाकडून काय हवंय ते कळतं का, आणि डोळे मिटल्यावर ती कुणाशी बोलते आहे ते कळतं का, एवढंच मला लिहून पाठव. पुढचं त्यावरून बोलू.